न गळणारी बरणी

माझ्या भावोजींना सगळी गल्ली वॉशरकाका म्हणते. चाळीस वर्षं प्लंबरचं काम केलं, आता थांबलेत, पण शर्टाच्या खिशात अजून रबरी वॉशर असतात. कुणाकडे चहाला गेले तरी आधी स्वयंपाकघरातला नळ बघून येतात. मेहुणी म्हणून त्यांना चिडवायचा हक्क मी कधी सोडला नाही. पण आपण बसवलेला जोड गळत नाही, असं ते छातीठोकपणे सांगतात, आणि तो खरंच गळत नाही.

यंदा ताई बागेच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण ताई काही पलंगावरून उठेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, या महिन्यात पाय टेकले नाहीत तर पुढे कायमचं अंथरूण. वॉकर पलंगाशेजारी उभा असायचा आणि आम्ही त्यावर टॉवेल वाळत घालायचो. "पुन्हा पडले तर?" एवढंच ती म्हणायची. मला सायकल शिकवणारी माझी मोठी बहीण अशी भ्यालेली बघून मला रडू यायचं, आणि तिचा रागही यायचा.

एका सकाळी भावोजींनी जाहीर केलं, फुलपाखरांसाठी खाऊची बरणी करणार. कृती त्यांना ताईला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितली होती. दहा वाट्या पाण्यात एक वाटी साखर उकळून गार करायची, बरणीत भरायची, झाकणाला भोक पाडून त्यात स्पंजचा तुकडा बसवायचा आणि बरणी उलटी टांगायची. पाणी झिरपून स्पंज ओला राहतो, फुलपाखरं त्यावर बसून पितात. अर्ध्या तासाचं काम. भावोजींना दोन दिवस लागले. झाकणाच्या आट्यांवर टेप गुंडाळली, झाकणाखाली वॉशर घातला, स्पंजभोवती आणखी एक. मोडक्या छत्रीच्या लाल कापडाची फुलं कापून भोवती चिकटवली. मग ती बरणी खिडकीबाहेर अशा कोपऱ्यात टांगली, की पलंगावरून तिची दोरीसुद्धा दिसेना. मी म्हटलं, अहो, जिच्यासाठी केलीत तिला तरी दिसू द्या. ते म्हणाले, जागा बरोबर आहे.

चार दिवस तेच चाललं होतं. लाल फुलं बघून फुलपाखरं यायची, स्पंजवर क्षणभर टेकायची आणि निघून जायची. भावोजींनी साखर वाढवली, फुलं बदलली, हवेला दोष देऊन झाला. शेवटी ताईनं पलंगावरूनच विचारलं, "ती बरणी गळते का हो?"

"माझी बरणी?" भावोजी दुखावले. "एक थेंब नाही."

"मग ती पिणार काय?"

मी बाहेर जाऊन स्पंजला हात लावला. ठणठणीत कोरडा. आमच्या भावोजींनी फुलपाखरांच्या तोंडाला पानं पुसली होती. मला हसून हसून खाली बसावं लागलं. ते हसले नाहीत. त्यांनी बरणी उतरवली, स्पंजभोवतीचा वॉशर काढून खिशात टाकला, स्पंज थोडा सैल केला आणि बरणी परत टांगली. थेंब जमला, लोंबला आणि खिडकीच्या कठड्यावर पडला. स्वतःची दाढ उपटली जात असावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांचा हात दोनदा झाकणाकडे गेला आणि दोनदा मागे आला.

दुपारी ते बाहेरूनच म्हणाले, "आलं."

ताईनं मान उंचावली. काही दिसेना. कुठंय, म्हणाली.

"इथंच आहे. पाच पावलं ये."

तेव्हा कुठे मला तो कोपरा कळला. चार दिवस मी त्यांना उगाच वेड्यात काढलं होतं.

 ताईनं वॉकरवरचा टॉवेल माझ्या अंगावर भिरकावला. पहिल्या पावलाआधी तिनं वॉकर दोनदा हलवून बघितला. मी मागे हात पसरून चालत होते, आणि भावोजी बाहेर खिडकीचे गज धरून उभे होते, हलले तर फुलपाखरू उडेल म्हणून. तिसऱ्या पावलाला ती थांबली, मला वाटलं संपलं. पण ती खिडकीशी पोचली. एक तपकिरी फुलपाखरू सोंड लावून निवांत पीत होतं.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली गेली.

"अहो, कठडा सगळा ओला झालाय. गळतंय."

भावोजींचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"गळू दे," ते म्हणाले.