आबांनी माझ्या झेंडूवर औषध मारलं

दुपारपासून घर ते बांध, बांध ते घर अशा नुसत्या फेऱ्या चालल्यात. एक काम धड होत नाहीय. तुम्हाला सांगून बघते.

आमच्या काकडीला फुलं भरपूर यायची, पण फळच धरायचं नाही, कारण मधमाश्या फिरकतच नव्हत्या. म्हणून बांधाच्या कडेनं लालभडक झिनिया, केशरी झेंडू आणि सूर्यफुलं लावली. अख्खं उंब्रज हसलं, "काकडी विकणार का हार?" आबा, म्हणजे माझे सासरे, तेवढे हसले नाहीत. फुलं कशासाठी हे न विचारता रोज पाणी तेच घालायचे.

आणि या आठवड्यात सकाळ झाली की बांधावर नुसती भुणभुण!

आज मी बाजारातून आले तर औषधाचा वास. आबा पाठीवरचा पंप उतरवत होते. फौजेतून रिटायर झालेला माणूस, शत्रू दिसला की थांबतोय कुठला!

"सूनबाई, तुझ्या फुलांवर लय किडं बसलं व्हतं. एक बी सोडला न्हाई बघ!"

तोंडावर एवढा आनंद! झेंडूखाली मधमाश्या पडल्या होत्या. आबांची नजर जायच्या आत मी त्या मातीआड केल्या.

आत्ता चहा पिताना म्हणाले, "उद्या सकाळी अजून एक पंप मारतो. ऱ्हायल्यालं जाईल."

पंप मी कडब्यात लपवलाय. पण सकाळी तो सापडला नाही, की शोधायला ते मलाच हाक मारणार. तेव्हा काय सांगू?