आक्कांच्या मागून चालणारे साडू

प्रकृती सुधारण्याचा आरंभ माझ्या कल्याणच्या साडूंनी जितक्या वेळा केला, तितक्या वेळा साऱ्या ठाणे जिल्ह्यात कोणी केला नसेल. चाळिशी उलटली आणि कोर्टात उभे राहून बोलताना धाप लागू लागली, तेव्हापासून हे वकीलसाहेब सुधारतच होते. मात्र मुहूर्तावाचून आरंभ नाही. आज अमावास्या, उद्या रिक्ता तिथी, परवा पक्षकार जेवायला यायचे, असे करत करत मुहूर्त सापडला की त्या दिवशी घरात पुरण शिजे. गोड सोडले त्या दिवशी तर त्यांनी पारनाक्यापर्यंत पेढे वाटले, आणि घेणाऱ्याला एकट्याने खायला संकोच वाटू नये म्हणून प्रत्येकाबरोबर स्वतःही एकेक खाल्ला. एकादशी आणि दुप्पट खाशी हे लोकांचे झाले. साडू तिप्पट खात. एकदा व्यायामाला फिरवायच्या शिसवी मुद्गलांची जोडी करवून घेतली, तिला हळदकुंकू वाहिले, आणि पंधरवड्याने मी ठाण्याहून गेलो तर त्यातला एक लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून बसलेला. "पंत, शरीर म्हणजे पक्षकार," ते मला समजावत. "एकदम खरं सांगून घाबरवायचं नसतं. तारीख पुढे ढकलत न्यायची."

या आरंभशूरपणाला आक्का, म्हणजे त्यांची पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, कधी हसल्या नाहीत. निमूट पुरण वाटत राहिल्या. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस त्यांनाच विषमज्वर झाला. ताप उतरला, पण पाय उचलेनात. वैद्यबुवांनी साडूंना ओसरीवर बोलावून सांगितले, "यांना रोज चालवा. आज राहिलं, उद्या राहिलं असं झालं, तर बाई पुन्हा उठायच्या नाहीत." त्या दिवशी अमावास्या होती. साडूंनी त्याच संध्याकाळी आक्कांना धरून अंगणात उभे केले.

पुढे अंगण पुरेना, तेव्हा दोघे शेनाळे तळ्याच्या वाटेला लागले आणि सारे कल्याण हसू लागले. बायकोने नवऱ्याच्या मागून चार पावले राखून चालावे ही आपली रीत. पण मागे चालणारी पडली तर कळणार कसे? म्हणून साडूंनी आक्कांना पुढे घातले, आणि पडत्या मुलाला सावरावे तसे दोन्ही हात पुढे धरून स्वतः मागून चालू लागले. "काय वकीलसाहेब, वरात कुठं निघाली?" एका ओट्यावरून प्रश्न आला. आक्का शरमून परत फिरू लागल्या. "चल पुढे," साडू म्हणाले. "हसणारे दमतील. आपण दमायचं नाही."

वर्षभरात आक्का दुर्गाडीच्या देवीपर्यंत विनाआधार जाऊ लागल्या. साडूंचे पोट कधी उतरले, कोटाची बटणे कधी लागू लागली, हे त्यांच्याही ध्यानात आले नाही. मुहूर्त न पाहता धरलेली तेवढी एकच सवय टिकली. मला या दोघांचा फार लोभ आहे, आणि खरे सांगायचे तर थोडा हेवाही वाटतो.

परवा गेलो तेव्हा मीही त्यांच्याबरोबर फिरायला निघालो. दोघे आता साठीच्या घरात आहेत. आक्का पुढे झपझप चालल्या होत्या, साडू मागे, आणि मधले अंतर पूर्वीपेक्षा खूपच वाढलेले. खाडीच्या वळणावर आक्का थांबल्या आणि वाकून टाच चाचपू लागल्या. "काटा गेला वाटतं," त्या म्हणाल्या. आम्ही जवळ पोहोचेपर्यंत काटा निघाला. पुढच्या चढावर तो पुन्हा गेला. "जपून चालावं जरा," साडू धापा टाकत म्हणाले.

त्या पुढे गेल्यावर मी म्हटले, "आक्कांच्या पायात काटे फार जातात."

साडूंनी पुढे पाहून आक्का लांब गेल्याची खात्री करून घेतली.

"वाटेत काटे नाहीत हो, पंत," ते हळूच म्हणाले. "पण मी तिला तसं सांगत नाही."