कासऱ्याला धरून म्युझियम

न्हावऱ्याच्या शाळेतल्या जास्मिनबाई दरवर्षी पोरांना मुंबईचं चित्रांचं मोठं म्युझियम दाखवून आणायच्या, आणि दरवर्षी "आता पुन्हा नाव काढायची न्हाई" म्हणत परतायच्या. तिथले नियम काय थोडे! आधी अर्ज, दहा पोरांमागं एक मोठं माणूस, डबे-पिशव्या बाहेर, हात लावायचा नाही, ओरडायचं नाही. पोरं पांगू नयेत म्हणून बाई घरचा बैलांचा कासराच न्यायच्या. त्याला गाठी मारलेल्या. एका गाठीला एक पोर. टोक बाईंच्या हातात आणि डोळे सदा गाठींवर, पोरं मोजत.

यंदा सोबत शाळा समितीचे अध्यक्ष मारुतराव होते. बाईंचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. त्यांनी कासरा आपल्या हातात घेतला.

"बाई, जन्मभर बैलं हाकलीत म्या. पोरं मी धरतो. इतक्या वर्षांत एक तरी चित्र बघितलंय का तुम्ही?"

बघितलं नव्हतं. समोर जत्रेचं भलंमोठं चित्र होतं, माणसांनी गच्च भरलेलं. बाई त्यापुढं कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. फक्त उजव्या हाताचं बोट हळूहळू पुढं सरकत होतं.

"कसं हाय?" मारुतरावांनी कौतुकानं विचारलं.

बाई दचकल्या.

"मारुतराव, मधी बोलू नका हो. आता पुन्हा पहिल्यापासनं मोजावं लागंल."