जागृतीच्या मेंदीला बर्फ

दिवाळे गावच्या मासळी बाजारात सरस्वतीबाईंचं पापलेट कुणी दाबून पाहत नाही. बाई "ताजा हाय" म्हणाल्या की ताजाच. सगळी किमया बर्फाची, आणि बाईंचा त्यावर भलताच विश्वास. मुलाला ताप आला, बर्फ. नवऱ्याचा गुडघा सुजला, बर्फ. एकदा मिक्सर तापला, त्यावरही बर्फ. मिक्सर पुन्हा चालला नाही, पण तो मिक्सरचा दोष, असं त्या आजही सांगतात.

तर या बाईंच्या तेजसचं लग्न जुईनगरच्या जागृतीशी ठरलं आणि शेजारी मासळी विकणाऱ्या चांगुणाबाईंनी खडा टाकला. "नवरीची मेंदी जेवढी रंगते तेवढी सासूची माया, सरस्वती. बगू लग्नात!"

बाईंची झोप उडाली. आधीच फटकळ म्हणून गावभर नाव. त्यात मेंदी फिकी निघाली तर हॉलभर बायका नाकं मुरडणार. खरं तर पोर त्यांना पहिल्याच जेवणात आवडली होती. तिनं सुरमईचं डोकं मागून घेतलं होतं. पण असलं काही बोलून दाखवायचं म्हणजे बाईंच्या जिवावर यायचं.

मेंदीच्या दिवशी विहिणीला कोळंबी द्यायचं निमित्त काढून बाई जुईनगरला थडकल्या. करंजाड्याहून आलेल्या मेंदीवाल्या सुचितानं नवरीच्या कोपरापर्यंत डोली, मोर आणि वेलबुट्टीत लपवलेलं तेजसचं नाव काढलं होतं. "काकू, रात्रभर धुवू देऊ नका हां," म्हणत ती पुढच्या ऑर्डरला पळाली.

मे महिना. जागृती दोन्ही हात पुढे धरून घामाघूम बसलेली. बाईंनी ती ओली मेंदी पाहिली, उकाडा पाहिला आणि त्यांचा जीव कासावीस झाला. एवढा नाजूक माल, आणि असा उघड्यावर? त्यांनी कोळंबीचा थर्माकोलचा खोका ओढला, त्यातला बर्फ प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला आणि पोरीच्या हातांखाली गादी घातली.

"आई, मेंदीला बर्फ?" जागृतीनं विचारलं.

"तू गप ऱ्हा. रंग टिकवायचा तर बर्फच. मी काय आजपासून धंदा करते?"

होणाऱ्या सासूशी वाद कोण घालणार? जागृतीनं हात तसेच ठेवले. पिशव्यांतला बर्फ वितळला की बाई आणखी मागवून नव्या भरत होत्या. संध्याकाळपर्यंत पोरीची बोटं बधिर झाली.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर हातांचा फोटो आला. रंग फिका नारिंगी. बाईंनी लगेच सुचिताला फोन लावून झापलं.

"काकू, आधी नारिंगीच दिसते, मग गडद होते," सुचिता म्हणाली. "फक्त ऊब पाहिजे. अंगाची, नाहीतर लवंगांची धुरी. कुणी थंड काही लावलं नाही ना?"

बाईंनी फोन कापला. तासाभरात जुईनगरला पाव किलो लवंगा पोचल्या. धुरीनं घरभर माणसं खोकली, पण मेंदीनं काही दाद दिली नाही.

लग्नात चांगुणाबाई थेट स्टेजवर चढल्या. मागे सगळ्या दिवाळ्याच्या बायका. त्यांनी नवरीचे हात उलटेपालटे केले. "अगो सरस्वती, ह्यो काय रंग? जसा चाय सांडलाय!"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात जागृती शांतपणे म्हणाली, "मावशी, माझं अंगच थंड आहे. लहानपणापासून माझी मेंदी रंगतच नाही."

सून आपल्यासाठी खोटं बोलतेय, हे बाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांना भरून आलं. भरून आलं की त्यांचा आवाज चढतो.

"खोटं बोलते पोर!" त्या ओरडल्या. "मी बर्फ लावला तिला. खराब नको होवाला म्हनून!"

"किती लावलास?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"अर्धी लादी."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. भर मे महिन्यात अर्धी लादी! तिथं मोठ्यात मोठ्या पापलेटाला बर्फ मूठभर मिळतो.

चांगुणाबाईंनी नवरीचे हात अलगद खाली ठेवले. "माझ्या सासूनं मना कदी फ्रीजमधलं पानीपन नाय दिलं गो," त्या म्हणाल्या.

जागृतीनं त्या फिक्या हातांनी बाईंचा हात धरला. बाईंनी तो सोडवून घेतला नाही.

हल्ली दिवाळ्याची ऑर्डर आली की सुचिता आधीच बजावते, "मेंदी काढीन, पण सासूबाई बर्फाचा खोका घेऊन आल्या तर दार उघडू नका." तरी दर लग्नात एखादी सासू खोका घेऊन येतेच.