भाजल्याचा वास

माझ्या सासूबाई तुळई पुसायच्या म्हणजे जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरून हात फिरवायच्या. कॉर्नफ्लोअरच्या कारखान्यात साफसफाईला लागून त्यांना एकवीस वर्षं झाली होती आणि सगळे त्यांना मुंगीबाई म्हणायचे. त्याच कारखान्यात मी पोती शिवायचे आणि माझा नवरा फिटर होता. नवी नवी सून होते तेव्हा मला वाटलं, बाई चक्क कामचुकार आहे. एका तुळईला अर्धा दिवस! मऊ ब्रश, ओलं फडकं, आणि ठिणगी पडू नये म्हणून जमिनीला तार जोडलेला तो खास व्हॅक्यूम. आधी वरचं, मग खालचं. फटकारणं नाही, झटकणं नाही. "पिठाखाली तुळईचा हिरवा रंग दिसेनासा झाला की मशीन बंद करा," एवढंच त्या सगळ्यांना सांगायच्या. कोण ऐकतंय?

मी एकदा तोंडावर म्हटलंच, "अहो आई, पीठच आहे ते. भूत नाही."

त्यांनी फडकं पिळलं. "माझी ताईपण पीठच म्हणायची. आधीच्या कारखान्यात आम्ही दोघी होतो. मी बाहेर पाणी भरत होते. आत फट्ट झालं, डब्याचं झाकण उडाल्यासारखं. बायका हसल्या, मला ऐकू आलं. मग त्या हादऱ्यानं तुळयांवरचं सगळं पीठ खाली यायला लागलं. दारातून दिसत होतं मला. कसला म्हणून आवाज नाही. ताई वर बघत उभी होती. मग दुसरा आवाज झाला."

त्या पुन्हा तुळई पुसायला लागल्या. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या मनात जुनी भीती बसलीय. हवेत उडालेलं पीठ एका ठिणगीनं दारूगोळ्यासारखं फुटतं, याची तेव्हा मला काडीची अक्कल नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी हॉलमध्ये भाजल्याचा वास यायला लागला. चांगला खमंग! पोती शिवता शिवता भूक लागायची. कोण काय भाजतंय, यावर आमची थट्टा चालायची. पण कँटीन पार दुसऱ्या टोकाला, आणि ते तर दुरुस्तीसाठी बंद होतं. वास यायचा, घटकाभर रेंगाळायचा, जायचा. जिथून येतोय असं वाटे तिथे गेलं की काहीच नसायचं. सासूबाई मात्र वास आला की हातातलं काम टाकून वर बघायच्या. वर फॉल्स सीलिंग होतं, पांढरंशुभ्र, बघायला अगदी स्वच्छ. त्याच्या आत डोकावायची परवानगी त्यांनी दोनदा मागितली होती. मॅनेजर म्हणाला, "मुंगीबाई, खाली काय कमी कचरा आहे?"

वास सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मॅनेजरचं फर्मान सुटलं. दुपारी तपासणीला साहेब येणार, तर सीलिंगच्या वर साठलेलं सगळं हवेच्या पाइपनं उडवून टाका. खाली पडलं की झाडून घेऊ. नवरा पाइप घेऊन शिडीनं वर गेला. मला खाली व्हॉल्व्हपाशी उभं केलं. वरून लोखंडी शिडीवर तीन ठोके आले की व्हॉल्व्ह उघडायचा, असं ठरलं. सासूबाईंना मुद्दाम ऑफिसच्या काचा पुसायला धाडलं होतं. मी त्यांना सांगू शकले असते. नाही सांगितलं. म्हटलं, उगाच कटकट करतील.

ठोके आले. एक, दोन, तीन. मी व्हॉल्व्ह फिरवला.

पायाशी पडलेला पाइप ताठ झाला. पण वरून हवेचा आवाज आलाच नाही. मी कान देऊन उभी राहिले. हॉलमधली मशीन चालू होती, बायका बोलत होत्या, आणि माझ्या डोक्यावर मात्र सगळं चिडीचूप. मग सीलिंगच्या फटीतून पिठाची एक बारीक धार माझ्या मनगटावर पडली. पीठ गरम होतं.

मी घाईघाईनं व्हॉल्व्ह बंद केला.

थोड्या वेळानं शिडीवर नवऱ्याचे पाय दिसले. एकेक पायरी, ओठांवर बोट. चेहऱ्यावर पीठ, की रक्तच उरलं नव्हतं, कोण जाणे. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाहेरच्या खोलीतून मेन स्विच बंद करायला सांग. सगळ्यांनी चालत बाहेर जायचं. पळायचं नाही. दार आपटायचं नाही."

"आणि आई?"

"वरच आहे."

चाळीस माणसं चपला हातात घेऊन बाहेर पडली. आवारात नवरा एका दमात बोलला. वर गुडघाभर पीठ होतं, त्यावर पावलाचा एक ठसा नाही. पलीकडे एका दिव्याच्या पेटीभोवती ते तपकिरी झालेलं, आत काळं, आणि त्या काळ्याच्या पोटात काहीतरी लाल होत होतं, विझत होतं, पुन्हा लाल होत होतं. त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. ठोके देऊन तो पाइप नेमका तिकडे रोखत होता, तेवढ्यात मागून कुणीतरी पाइप हातातून काढून घेतला. वासाच्या मागावर सासूबाई मागच्या शिडीनं वर आल्या होत्या. "जा. हळू जा. मागे बघू नकोस," एवढंच बोलल्या.

"मग त्या का नाही आल्या?" मी विचारलं.

"काय माहीत," तो म्हणाला.

मला माहीत होतं. पाइपात मी सोडलेली हवा कोंडलेली होती; त्यांनी हात सोडला असता तर सगळं पीठ त्या निखाऱ्यावर उडालं असतं.

अग्निशमनवाले आले, पण आत माणूस आहे आणि जराशा धक्क्यानं पीठ उडेल म्हणून फाटकाशीच थांबले. अर्ध्या तासानं सासूबाई मागच्या शिडीनं उतरल्या. पाइप दुमडून मुठीत आवळायचा, त्याचं तोंड पोटाशी धरलेल्या ओल्या फडक्यात खुपसायचं, आणि चिमटी चिमटीनं हवा सोडायची. अर्धा तास त्या हेच करत बसल्या होत्या, त्या लाल डोळ्यापासून चार हातांवर. हे त्यांनी फक्त मला सांगितलं, नंतर, तळहात शेकताना. दोन्ही तळव्यांवर काळेनिळे वळ होते. मी त्यांच्या पायाशी बसून हमसून रडले. त्या म्हणाल्या, "पुरे गं. पाणी गरम करून आण."

अग्निशमनवाल्यांनी जोराची धार मारली नाही. दवासारखं पाणी सोडत संध्याकाळपर्यंत ते विझवलं. पुढे चौकशी झाली. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "हवा चालू झाली होती का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "नाही साहेब. व्हॉल्व्ह बंदच होता."

नवरा आजही पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, हिनं घाई करून व्हॉल्व्ह उघडला नाही म्हणून मी आज तुमच्यासमोर आहे. सासूबाई तिथेच बसलेल्या असतात. त्या "हो ना" म्हणतात.