अकराव्या खिशाचं बटण

टेलरच्या दुकानात दोन गोष्टी साठतात. चिंध्या आणि किस्से! चिंध्या वर्षातून एकदा कुणीतरी उशा भरायला घेऊन जातं. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते माझ्या डायरीत पडून राहतात. माझी शाळा सातवीत सुटली, पण लिहायची सवय सुटली नाही. मापाच्या वहीत माप आणि डायरीत माणूस, असा माझा शिरस्ता आहे. परवा डायरी चाळताना लक्षात आलं, की मागच्या हिवाळ्यातली पंधरा-वीस पानं एकट्या एका ड्रेसनं खाल्लीत. आजवर शाळेचे इतके गणवेश शिवले, पण त्यांच्यापैकी कुणाला दोन ओळींच्या वर जागा मिळालेली नाही.

आमचं दुकान वडूजला, स्टँडच्या मागच्या गल्लीत. माणसं तीन. मी सलीम, कापतो आणि शिवतो. माझी बायको नसीम, तिच्याकडं ब्लाउज आणि दुकानातला शेवटचा शब्द. तिसरे दत्तूआण्णा, काज-बटण करणारे. तरुणपणी मेंढरांमागं हिंडले, गुडघे गेल्यावर आमच्या उंबऱ्याशी येऊन बसले, ते अजून तिथंच आहेत. हातानं असं काज करतात, की बघणाऱ्याला बटण लावून ते झाकावंसं वाटत नाही.

आण्णांची नात रेणू चौथीत. तिचे आईबाप मेंढरं घेऊन निम्मं वर्ष शिराळ्याच्या बाजूला असतात, म्हणून शाळेसाठी ही आण्णांकडं राहते. वडूजात तिचं घरचं माणूस म्हणाल तर एकटे आण्णा.

*

शाळेचं गॅदरिंग आलं. मॅडमनी फॅन्सी ड्रेसची यादी केली आणि रेणूच्या नावापुढं लिहिलं, 'धनगरीण'. घोंगडी घरात, काठी घरात, कुणाला त्रास नाही. मॅडमचा हेतू चांगलाच होता.

रेणू दप्तरासकट दुकानात आली. "मास्तरकाका, मला अंतराळातली बाई व्हायचंय. पिच्चरमधली."

शाळेत पडद्यावर एक पिक्चर दाखवला होता. त्यातली बाई एकटीच कुठल्याशा ग्रहावर उतरते म्हणे.

आण्णांची सुई थांबली. "आनि घोंगडीची लाज वाटती व्हय तुला? माझ्या बापाची घोंगडी हाय ती!"

"लाज न्हाई वो आण्णा. रोज रातच्याला पांघरतीया की मी. मग त्यो ड्रेस कसा व्हईल?"

नसीम मशीनवरून म्हणाली, "खरं हाय की पोरीचं!"

ते आण्णांना लागलं. "शिवा मग. मी त्याला एक बटन लावनार न्हाई. आनि बघायलाबी येनार न्हाई. लोकं दात काढतील."

रेणूनं दप्तर उचललं. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "काका, तुमी ड्रेसचं बघा. आण्णांचं मी बघती."

त्या दिवशी डायरीत लिहिलं: 'माप उद्या. आण्णा नाराज.'

*

दुसऱ्या दिवशी रेणू मॅडमकडून यादीतलं 'धनगरीण' खोडून घेऊन आली, तसा मी माप घ्यायला बसलो. माझी पद्धत ठरलेली. आधी सगळं विचारायचं, मग टेप काढायची.

"कॉलर?"

"गोल. जाड. मान दिसत न्हाई."

"बाह्या फुल?"

"फुल. आनि हातमोज्यात घुसल्यात."

"खिसे?"

तिनं डोळे मिटले आणि बोटं मोजायला लागली. मांडीवर दोन, पोटरीवर दोन, दंडावर दोन, पोटावर चार. "आनि हितं एक," असं म्हणून तिनं डाव्या छातीवर हात ठेवला. "अकरा!"

मी लिहून घेतले. मग सवयीनं विचारलं, "पँटला प्लीट किती? मागं बक्कल हवं का?"

नसीमनं कात्री खाली ठेवली. "आवं, ती ग्रहावर चाललीय. साखरपुड्याला न्हाई!"

*

पिक्चर बघितल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, असं मी ठरवलं. रविवारी दुपारी मोबाईलवर लावला. थांबवायचं, मोठं करायचं, बघायचं, लिहायचं, मग पुढं जायचं. दोन तासांच्या पिक्चरला मला संध्याकाळ झाली.

नसीमनं विचारलं, "काय गोष्ट हाय?"

"खांद्याला डबल टीप आहे."

"आवं, गोष्ट विचारतीया! ती बाई शेवटी घरी येती का न्हाई?"

मी डायरी बघितली. "ते बघायचं राहिलं. पण काखेत जोड दिलाय, फार सुरेख!"

*

कापडाचा प्रश्न मोठा होता. चंदेरी साटीन मिळतं, पण ते घातलं की पोर बँडवाल्यासारखी दिसणार. मला हवं होतं जाड, मंद चमकीचं. साताऱ्याला गेलो, कापडाची दुकानं पालथी घातली. शेवटी स्टँडकडं परतताना एका दुकानाबाहेर मला हवं तेच लटकताना दिसलं. गाड्यांची कव्हरं शिवायचं दुकान होतं!

आत शिरलो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "कुठली गाडी?"

"गाडी नाही. मुलगी आहे."

त्यानं मान वर केली. "मॉडेल?"

"चौथीतलं."

माणूस रसिक होता. पेन्सिल कानामागं खोवून म्हणाला, "लांबी किती?"

"चार फूट. पण वाढतंय."

"मग थोडं जास्तीच घ्या," तो म्हणाला आणि खरंच हातभर जास्त फाडलं. वर बजावलं, "सांभाळून शिवा बरं का. ह्याला एकदा सुई लागली, की भोक राहतं. उसवायची सोय न्हाई."

*

उसवायची सोय नाही, हे टेलरला सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला 'पाणी नाही' म्हणून सांगणं. आमचा सगळा धंदा 'चुकलं तर उसवू' यावर चालतो. त्यात ते कापड मशीनच्या पायाला चिकटायचं. पुढं सरकेना, एकाच जागी टाके पडायला लागले. मी हात काढून घेतला.

आण्णा पाठ करून बसलेले. ड्रेस सुरू झाल्यापासून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. मशीन थांबल्याबरोबर भिंतीला म्हणाले, "खाली-वर पेपर घाला. टाका मोटा करा."

"आण्णा, तुम्ही बोलणार नव्हता ना?"

"मी कुटं बोललू? भितीला सांगतुया."

पेपर घातला, टाका मोठा केला. मशीन चालली. टीप झाल्यावर पेपर फाडून काढायचा, असं करत चार दिवस गेले. भिंतीला त्या चार दिवसांत शिवणकामाचं बरंच ज्ञान मिळालं.

*

पुढची लांब चेन वडूजात मिळेना. सांगलीच्या माझ्या बहिणीला फोन केला. तिनं सांगलीतून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं पुडी दिली. पुडी सोडली तर आत सहा फुटांची चेन! मी फोन लावला, "अगं, एवढी मोठी?"

"गादीच्या कव्हराची हाय, भाईजान. तुम्ही पोरीला शिवताय का पोरीच्या गादीला, ते नीट कळलं न्हाई. म्हटलं, दोन्हीला पुरू दे!"

नसीमनं पाण्याचा मोठा जार कापून हेल्मेट केलं. पुढून मोकळं, कडेला रबर. पाठीवर कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या चंदेरी रंगवून लावल्या आणि त्यांना ठिबकचा काळा पाइप जोडला. स्टीलची बटणं घरातल्या जुन्या पिशव्यांवरून काढली. ती भरली दहा. काजं नसीमनं मशीनवर केली. छातीवरचा अकरावा खिसा तसाच राहिला.

रेणू म्हणाली, "ऱ्हाऊ दे काका. त्यो उघडाच ऱ्हाऊ दे."

मी तिच्याकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती. म्हणजे भिंतीपुढं बसलेल्या आण्णांकडं.

डायरी: 'खिसा क्र. ११, बटण बाकी.'

*

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी ट्रायल. ड्रेस चढवला आणि बघतो तर काय? पँट चार बोटं लांब! बाह्याही लांब!

चूक कशी झाली ते लगेच कळलं. आमच्या भागात कुठलंच पोर स्वतःच्या मापाचा कपडा घालत नाही. 'वाढत्या अंगाचं शिवा,' असं प्रत्येक आई दुकानात शिरतानाच म्हणते. माझा हात इतका बसलाय, की कुणी म्हणालं नाही तरी तो वाढत्या अंगाचंच कापतो. उसवायची सोय नाही. कापावं, तर पोटरीवरचे खिसे मधे येत. दुमडून बघितलं, तर ते गुळगुळीत कापड दोन पावलांत सुटून खाली येई.

रेणू म्हणाली, "चालून बघती," आणि सरळ रस्त्यावर गेली. पँट पायाखाली येऊ नये म्हणून एकेक पाय उचलायचा, पुढं तरंगत न्यायचा, हळूच टेकवायचा. बाह्या बोटांवर येऊ नयेत म्हणून हात लांब धरलेले. स्टँडकडून येणारा एक म्हातारा थांबला. पाठीवरच्या बाटल्या आणि पाइप बघून म्हणाला, "कुनाच्या रानात फवारनी हाय गं बाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत माझ्या हातचा कपडा असा दिसला नव्हता.

नसीम दारात उभी होती. ती एकदम म्हणाली, "आवं, पिच्चर लावा जरा!"

लावला. आणि पहिल्यांदाच कपड्याऐवजी बाईकडं बघितलं. बाई हुबेहूब तशीच चालत होती! एकेक पाय उचलून, तरंगत.

म्हणजे तिच्याही टेलरनं वाढत्या अंगाचंच शिवलं असणार!

रेणू ड्रेस घेऊन घरी निघाली. आण्णा तिच्या आधीच उठून गेले होते. मी विचारलं, "काय म्हणाले? येणार का?"

"न्हाई म्हनले." मग पायरी उतरता उतरता म्हणाली, "पन हळू म्हनले."

*

गॅदरिंग दुपारी, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. मी आणि नसीम चौथ्या रांगेत. आमच्या शेजारची खुर्ची मी पिशवी ठेवून धरली होती. ती शेवटपर्यंत पिशवीलाच मिळाली.

स्टेजवर एक राजा आला, दोन भाजीवाल्या आल्या, एक झाड आलं. मग नाव पुकारलं आणि आमचा ड्रेस आला. हो, पोर नंतर दिसली, आधी ड्रेसच दिसला! खांद्याची डबल टीप लख्ख दिसत होती. ती एकेक पाय उचलून तरंगत स्टेजच्या मध्यापर्यंत आली आणि मांडव शांत झाला. कुणी दात काढले नाहीत. मागून एका पोराचा आवाज आला, "आयला, हवेतनं चालतीया रं!" आणि टाळ्या पडल्या.

नसीमनं माझा दंड दाबला. मी खाली बघितलं. टेलरनं चारचौघांत रडू नये.

वर बघितलं, तर रेणू हेल्मेटमधून एकेक रांग शोधत होती. तिची नजर आमच्यापर्यंत आली, पिशवीवर थांबली, पुढं गेली.

परीक्षक म्हणून तालुक्यातले एक निवृत्त मास्तर होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले. ते माईक घेऊन जवळ गेले. "काय बाई, कुठून निघालात?"

"वडूजवरनं."

मांडव हसला. मास्तरही हसले. "बरं. आणि त्या ग्रहावर उतरल्यावर सगळ्यात आधी काय करणार? झेंडा लावणार?"

रेणूनं मान हलवली. हातमोजा काढला आणि हात डाव्या छातीकडं नेला. अकराव्या खिशाकडं.

मी पुढं वाकलो. त्या खिशाला बटण होतं! दहा बटणं स्टीलची आणि हे एक काळं, कोटाचं. तिला ते लवकर निघेना. हातानं केलेलं नवं काज घट्ट असतं. ते सैल व्हायला दोन-तीन दिवस जावे लागतात. वडूजात असं काज करणारा माणूस एकच आहे.

बटण निघालं. रेणूनं खिशात मूठ घातली, बाहेर काढली आणि जोरात वर उधळली.

भंडारा! पिवळाधमक भंडारा स्टेजच्या उजेडात वर गेला, तिथं थोडा थांबल्यासारखा झाला आणि मग खाली आला. हेल्मेटवर, चंदेरी खांद्यांवर, परीक्षकांच्या पांढऱ्या कपड्यांवर.

मग मांडवाच्या अगदी मागून, जिथं खुर्च्या संपतात आणि बाभळीची सावली सुरू होते, तिथून रानातली मेंढरं वळवावीत तसा एक आवाज फुटला:

"बिरोबाच्या नावानंऽऽ"

आणि सगळा मांडव एका घशानं ओरडला, "चांगभलं!"

परीक्षकांचाही हात वर गेला होता. रेणू ड्रेस विसरून उड्या मारत होती. मी वळून बघितलं, पण तोवर सगळेच उभे राहिले होते. मागचं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा नेहमीच्या वेळेला आले. उंबऱ्याशी बसले. तोंड या खेपेला रस्त्याकडं होतं. मी डायरी उघडली आणि विचारलं, "काल कुठं होता, आण्णा?"

आण्णांनी सुईत दोरा ओवला. गाठ मारली. मग माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाले. 'घरीच हुतू,' असं म्हणाले असावेत. नुसते ओठ हलले. आण्णांचा आवाज पार बसला होता.