नरकातला बर्फ

समस्त पनवेलकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदच्या सुमारास नवीन पनवेलमध्ये इंग्रजीचा क्लास काढून मी स्वतःच स्वतःचे केस उपटून घेतले.

उरणचा एक कोळी माझा विद्यार्थी होता. साहेबासमोर इंग्रजीत तोंड उघडत नाही, म्हणून बंदरातली नोकरी त्याच्या हातून दोनदा गेली होती. तिसरी मुलाखत उद्यावर आली होती. साहेबावर छाप पडावी म्हणून मी त्याला एक भारदस्त इंग्रजी वाक्प्रचार शिकवायला घेतला: नरकात बर्फाचा गोळा टिकण्याची जेवढी आशा, तेवढीच इथे, म्हणजे मुळीच नाही.

तो नुसता मान हलवत राहिला. मी फळ्यावर ज्वाळा काढल्या, मधोमध गोळा काढला आणि तो पुसूनही दाखवला. तरी मान नकारार्थीच. चौथ्यांदा समजावताना माझ्या हातातला खडू मोडला.

“अहो, आशा नाही! यात न कळण्यासारखं आहे काय?”

“आशा नाय कशी, सर?” तो उसळून उभाच राहिला. “भुशात घाला, वर ओलं गोणपाट बांधा! आमची आय मे महिन्यात बाजारात तसाच नेते!”